‘फक्त देशाचं नाव सांगा’

वृत्तवाहिन्या, दैनिकं आणि न्यूज पोर्टलच्या सर्व वृत्तसंपादकांस,

स. न. वि. वि.

माझं पोट लॉग वाचण्यावर चालतं. एखाद्या संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये कोणी घुसलं, की यंत्रांनी स्वतःच लिहून ठेवलेल्या लाखो ओळी चाळायच्या आणि तो कुठून शिरला, किती दिवस आत होता, काय घेऊन गेला हे जुळवत बसायचं. काम कंटाळवाणं आहे, पण तक्रार नाही. घटना मोठी असली की त्याच रात्री फोन येतो. पलीकडे तुमच्यापैकी कोणाच्या तरी डेस्कवरची एखादी नवी मुलगी किंवा मुलगा, आवाजात घाई. “सर, यामागे कोणता देश आहे?” मी सांगतो, अजून सर्व्हरच्या डिस्कची कॉपीसुद्धा काढून झालेली नाही. “हो सर, पण तुमचा अंदाज? फक्त देशाचं नाव सांगा, बाकी आम्ही बघतो.”

त्या पोरांवर माझा राग नाही. तो प्रश्न त्यांना कोणीतरी हातात दिलेला असतो. हे पत्र प्रश्न देणाऱ्यांना आहे.

२०११ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, स्प्रिंगफिल्डजवळच्या एका छोट्या पाणीपुरवठा संस्थेचा पंप जळाला. नियंत्रण यंत्रणेच्या नोंदी बघितल्या तर पाच महिन्यांपूर्वी, जूनमध्ये, रशियातल्या एका आयपी अ‍ॅड्रेसवरून कोणीतरी लॉगिन केलेलं. राज्याच्या गुप्तवार्ता केंद्राने त्यावर अहवाल केला, अहवाल फुटला आणि परदेशी हॅकरांनी अमेरिकेतली पायाभूत सुविधा पहिल्यांदाच मोडल्याची बातमी जगभर गेली. मग एफबीआय आणि होमलँड सिक्युरिटी खात्याची माणसं तपासाला उतरली. ते लॉगिन संस्थेच्याच कंत्राटदाराचं निघालं. तो जूनमध्ये बायकापोरांसह रशियात सुट्टीवर होता. संस्थेकडून त्याला फोन गेला, जरा यंत्रणेतले आकडे बघून द्या. त्याने तिथूनच बघून दिले. घुसखोरीचा कसलाही पुरावा सापडला नाही. माझ्या धंद्याला लाज आणणारा भाग पुढेच आहे: लॉगमध्ये त्या रशियन अ‍ॅड्रेसला लागूनच त्या माणसाचं स्वतःचं युजरनेम होतं. अहवाल लिहिणाऱ्यांपैकी कोणालाही त्याला एक फोन करावासा वाटला नाही.

म्हणजे पहिली चूक आमच्या जातकुळीतल्या लोकांची होती, हे आधीच कबूल करतो. पण ती चूक एका सरकारी कागदात होती. तिला जगाच्या पाठीवर फिरवून आणलं ते तुम्ही.

आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे पाकिटावरचा टपालाचा शिक्का. पत्र कुठल्या पेटीत पडलं एवढं त्यावरून कळतं. आमच्या दुनियेत पेटी तासावर भाड्याने मिळते, दुसऱ्याची पेटी फोडून तिच्यातून पत्र टाकता येतं, आणि दहा गावांच्या दहा पेट्यांतून तेच पत्र फिरवून आणणं हे नवशिक्यालाही जमतं. त्यामुळे स्टुडिओतल्या भिंतीएवढ्या नकाशावर लाल बाण काढून ‘हल्ल्याचं उगमस्थान’ असं जेव्हा तुम्ही लिहिता, तेव्हा बहुतेक वेळा तुम्ही शेवटची पेटी दाखवत असता.

दक्षिण कोरियाने याहून मजेशीर प्रकार पाहिला आहे. २० मार्च २०१३ ला तिथल्या तीन टीव्ही वाहिन्यांचे आणि काही बँकांचे कॉम्प्युटर एकाच वेळी बंद पडले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी जाहीर केलं, की मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, चीनमधल्या आयपी अ‍ॅड्रेसवरून आलं. मथळे झाले, चर्चासत्रं झाली, राजनैतिक अर्थ लावून झाले. तिसऱ्या दिवशी तेच अधिकारी पुन्हा पत्रकारांसमोर आले. तो अ‍ॅड्रेस हल्ला झालेल्या एका बँकेच्याच अंतर्गत नेटवर्कमधल्या एका मशीनचा होता. बँकेने घरातल्या वापरासाठी दिलेला आकडा योगायोगाने चीनमध्ये नोंदलेल्या एका आकड्याशी जुळत होता. काखेत कळसा म्हणतात तो हा. पुढे, एप्रिलमध्ये, दक्षिण कोरियाच्या सरकारने तपासाअंती उत्तर कोरियाचं नाव घेतलं. त्या दोन दिवसांत चीनवर बोललेल्या तज्ज्ञांनी आपले शब्द मागे घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

तुम्ही म्हणाल, अ‍ॅड्रेसवर आम्ही कुठे थांबतो, आम्ही मालवेअरच्या कोडबद्दलही विचारतो. विचारता, खरंय. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी आयोजकांची यंत्रणा कोलमडली. नंतर ‘ऑलिंपिक डिस्ट्रॉयर’ नाव पडलेल्या त्या मालवेअरमध्ये उत्तर कोरियाच्या हॅकरांच्या जुन्या कामाशी तंतोतंत जुळणाऱ्या खुणा होत्या. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी बारकाईने बघितलं तेव्हा लक्षात आलं, की फाइलच्या शीर्षभागातली ती खूण कोडशी जुळतच नाही. कोणीतरी मुद्दाम आणून चिकटवलेली आहे, दुसऱ्याचं बूट घालून चिखलात चालावं तशी. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने या प्रकरणात आरोप ठेवले ते रशियाच्या लष्करी गुप्तहेर संस्थेच्या सहा अधिकाऱ्यांवर. आणि २०१९ मध्ये ब्रिटन व अमेरिकेच्या यंत्रणांनी मिळून सांगितलं, की टर्ला हा रशियाशी जोडला जाणारा गट इराणी हॅकरांचे सर्व्हर आणि हत्यारं बळकावून, त्यांच्याच आडून तिसऱ्याच देशांत घुसत होता. आता सांगा, अशा घटनेच्या पहिल्या रात्री माझ्यासारख्याला लॉगमध्ये काय दिसलं असतं? इराण. मी तुम्हाला प्रामाणिकपणे इराण सांगितलं असतं आणि तुम्ही प्रामाणिकपणे ते छापलं असतं.

एक तिसरी शक्यता तुमच्या चर्चेत कधी येतच नाही: यामागे पोरं असतील. फेब्रुवारी १९९८ मध्ये इराकशी तणाव शिगेला पोचलेला असताना अमेरिकी लष्कराच्या कॉम्प्युटरमध्ये घुसखोरी सुरू झाली. वाहतूक संयुक्त अरब अमिरातीतून येत होती, म्हणजे संशय कुणावर जाणार ते उघड आहे. सापडले कॅलिफोर्नियातले दोन किशोरवयीन मुलगे आणि त्यांना शिकवणारा एक इस्रायली तरुण. ऑक्टोबर २०१६ मध्ये वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डिन नावाच्या कंपनीवर हल्ला होऊन अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या वेबसाइट तासन् तास बंद राहिल्या, निवडणूक तोंडावर होती, रशियाचं नाव घेण्याची अहमहमिका लागली. ज्या मिराय बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) हे घडवलं तो लिहिणारे तीन तरुण अमेरिकेतच राहत होते, आणि त्यांच्या उद्योगाचं मूळ माइनक्राफ्ट या गेमच्या सर्व्हरवाल्यांच्या आपसातल्या धंदेवाईक भांडणात होतं. हल्ल्यातल्या सहभागाचा गुन्हा पुढे कबूल केला तो घटनेच्या वेळी अल्पवयीन असलेल्या एकाने. त्याचा रोख गेमिंगच्या एका नेटवर्कवर होता.

जेपी मॉर्गन बँकेची कथा मला यापेक्षा जास्त शिकवून गेली. २०१४ च्या उन्हाळ्यात ८ कोटींहून अधिक खात्यांची माहिती गेली. युक्रेनवरून रशियावर निर्बंध नुकतेच लागले होते, त्यामुळे हा क्रेमलिनने घेतलेला सूड असल्याची चर्चा नामांकित वृत्तपत्रांतून झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये आरोपपत्र आलं: शेअर बाजारात भाव फुगवून विकण्याचा धंदा करणारी टोळी, तिचे म्होरके इस्रायली, एक साथीदार अमेरिकन. यात खरी मेख अशी, की प्रत्यक्ष हॅकिंग करणारा माणूस रशियनच होता. त्याला २०२१ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे ‘रशियन हॅकर’ हे अक्षरशः बरोबर होतं आणि ‘रशियाचा सूड’ हे साफ चूक. तुमच्या पट्टीवर या दोन गोष्टींमधलं अंतर एका शब्दाचं असतं. माणूस, त्याचा देश आणि त्या देशाचं सरकार या तीन वेगळ्या बाबी आहेत, आणि प्रत्येकासाठी पुरावा वेगळा लागतो.

आता उलट बाजू, कारण हे वाचून कोणी म्हणेल की हा तर सरकारांना पाठीशी घालतोय. सरकारं हे करतात. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमधल्या तीन वीज वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत स्क्रीनवरचा कर्सर आपोआप फिरू लागला आणि सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. ते काम रशियाच्या त्याच लष्करी गटाचं, याबद्दल आज फारसा वाद उरलेला नाही. सोनी पिक्चर्सवरच्या २०१४ च्या हल्ल्यानंतर एफबीआयने उत्तर कोरियाचं नाव घेतलं तेव्हा माझ्या क्षेत्रातल्या कितीतरी हुशार लोकांनी नाकं मुरडली, आतल्याच कोणाचं तरी काम असणार म्हणाले. २०१८ मध्ये उत्तर कोरियाच्या एका प्रोग्रॅमरवर सविस्तर आरोप दाखल झाले आणि त्या नाकांचं पुढे काय झालं ते विचारू नका. फ्रान्सच्या टीव्ही५ मोंद वाहिनीवर एप्रिल २०१५ मध्ये इस्लामिक स्टेटच्या नावाचे फलक झळकले, सगळ्यांनी तेच खरं धरलं, तपास नंतर रशियाशी जोडलेल्या गटाकडे वळला. तेव्हा पहिला अंदाज परदेशी सरकारावर असो की त्याच्या विरुद्ध असो, तो पहिल्या दिवसाचा असतो हीच त्याची खोट. वॉनाक्राय हे मालवेअर मे २०१७ चं. अमेरिकेने उत्तर कोरियाचं नाव अधिकृतपणे घेतलं डिसेंबरमध्ये. नॉटपेट्या हे दुसरं, जून २०१७ चं. ब्रिटन आणि अमेरिकेने रशियाला जाहीरपणे जबाबदार धरलं फेब्रुवारी २०१८ मध्ये. जगातल्या सर्वात सुसज्ज यंत्रणांना सात-आठ महिने लागले, तिथे तुमचं पॅनल नऊ वाजून वीस मिनिटांनी निकालाला येतं.

काही वेळा तर हल्लाच झालेला नसतो. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने ८५ लाख विंडोज मशीन बसली. विमानतळ ठप्प होते आणि सोशल मीडियाच्या लेखी सायबरयुद्ध सुरू झालं होतं. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेले तेव्हाही तेच. जूनमध्ये आलेल्या सरकारी अहवालात कारण निघालं ग्रिडमधला व्होल्टेजचा ताबा सुटणं. व्हरमाँटचं प्रकरण तर साप साप म्हणून भुई धोपटण्याचा नमुना. ३० डिसेंबर २०१६ ला एका मोठ्या अमेरिकी दैनिकाने रशियन हॅकर वीजजाळ्यात शिरल्याची बातमी दिली. निघालं काय, तर वीज कंपनीचा एक लॅपटॉप, जो ग्रिडला जोडलेलाच नव्हता, आणि सावधगिरीच्या सरकारी यादीतल्या एका आयपीशी जुळलेला संपर्क. कर्मचाऱ्याने आपलं याहूचं मेल उघडलं होतं.

मुंबईबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण इथे मूळ कागद आणि बातमी शेजारी ठेवून बघता येतात. १२ ऑक्टोबर २०२० ला शहराची वीज गेली, लोकल थांबल्या. पुढच्या फेब्रुवारीअखेर रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. चीनशी जोडला जाणारा ‘रेडइको’ गट भारताच्या वीज क्षेत्रातल्या संस्थांना लक्ष्य करत असल्याचं त्यात होतं, आणि ते गंभीरच होतं. पण त्याच अहवालात हेही स्वच्छ लिहिलं होतं, की मुंबईतल्या वीजखंडाशी याचा संबंध सिद्ध झालेला नाही. हे वाक्य किती मथळ्यांपर्यंत पोचलं? राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक असल्याचं सांगितलं. तुम्ही दोघांना समोरासमोर उभं केलं आणि सामना रंगवला. वीज नेमकी कशामुळे गेली, कुठली वाहिनी आधी बंद पडली, शहराला वेगळं काढून वीजपुरवठा चालू ठेवायची व्यवस्था का चालली नाही, हे प्रश्न त्या गदारोळात बाजूला पडले.

आणि माझी खरी तक्रार इथे आहे. देशाचं नाव चुकतं हे वाईटच, पण ते बरोबर असलं तरी त्याच्या सावलीत काय लपतं ते बघा.

ब्रिटनमधल्या टॉकटॉक या टेलिकॉम कंपनीची ऑक्टोबर २०१५ मध्ये सुमारे १,५७,००० ग्राहकांची माहिती चोरीला गेली. रशियातल्या जिहादी गटाने हे केल्याची चर्चा लगोलग सुरू झाली. पकडले गेले ते ब्रिटनमधलेच तरुण आणि अल्पवयीन मुलं. त्यातला एक १७ वर्षांचा मुलगा कोर्टात म्हणाला, मित्रांसमोर भाव खात होतो. माहिती आयुक्तालयाने कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड केला, कारण घुसखोरीची पद्धत एसक्यूएल इंजेक्शन होती, म्हणजे वेबसाइटवरच्या रकान्यात डेटाबेसला देायच्या आज्ञा लिहून माहिती काढून घेणं. वेबसाइट बनवायला शिकणाऱ्याला पहिल्या वर्षात सांगतात, ती चूक. जिहादी टोळीची हवा टिकली असती तर हा दंड कोणाला आठवला असता?

यापुढचं उदाहरण मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण त्यात सरकार खरंच होतं. २०१७ मध्ये एक्विफॅक्स या अमेरिकी पतमापन कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये चिनी लष्करातल्या चौघांवर आरोप ठेवले गेले. बरं. पण ज्या भोकातून ते शिरले, त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आला होता आणि कंपनीने तो लावला नव्हता. आतली वाहतूक तपासणाऱ्या उपकरणाचं सर्टिफिकेट कित्येक महिने मुदत संपून पडलेलं होतं, म्हणून चोरी चालू असताना ते उपकरण आंधळं होतं. मी जिथे जिथे काम केलं तिथे असं एखादं उपकरण निघालंच. एका ठिकाणी (नाव सांगणार नाही) अ‍ॅडमिनचा पासवर्ड संस्थेच्या स्थापनेचं वर्ष होता, ते वर्ष संस्थेच्या प्रवेशद्वारावर पितळी अक्षरांत होतं, आणि पत्रकात मात्र लिहिलं गेलं ‘परकीय शक्तींचा अत्याधुनिक हल्ला’. तुम्ही ते पत्रक जसंच्या तसं वाचून दाखवलंत. नाचता येईना त्याला तुम्ही वाकडं अंगण पुरवता, आणि तेही सीमेपलीकडचं.

या लेबलाला पैशातही किंमत आहे, हे तुमच्या अर्थविषयक पानांना माहीत असायला हवं. नॉटपेट्याने मर्क या औषध कंपनीचं सुमारे १४० कोटी डॉलरचं नुकसान केलं. विमा कंपन्या म्हणाल्या, हा रशियाचा हल्ला म्हणजे युद्धसदृश कृत्य, आणि युद्ध पॉलिसीत बसत नाही. न्यू जर्सीच्या न्यायालयांनी मर्कच्या बाजूने निकाल दिला. अपिलातही २०२३ मध्ये तोच टिकला. पण लंडनच्या लॉइड्स बाजाराने २०२३ पासून स्वतंत्र सायबर पॉलिसींमध्ये सरकारपुरस्कृत हल्ल्यांबाबत वेगळी अपवादाची अट सक्तीची केली आहे. तेव्हा ‘यामागे अमुक देश’ असं कोणी सूत्र तुमच्या कानात सांगतं, तेव्हा त्या सूत्राचं काय वाचतं आणि काय बुडतं हेही विचारून ठेवा. सुरक्षा उत्पादनं विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी तुमच्या पॅनलवर तज्ज्ञ म्हणून बसतो, तेव्हा ती ओळख पट्टीवर लिहा. घुसखोर जितका भयंकर, तितकं त्याचं उत्पादन महाग.

मग पहिल्या रात्री छापायचं काय? भरपूर आहे, आणि त्याची उत्तरं परदेशात जाऊन आणावी लागत नाहीत. घुसखोर किती दिवस आत होता? शिरला त्या भोकावर पॅच उपलब्ध होता का, आणि कधीपासून? बॅकअप होता का, आणि तो त्याच नेटवर्कला जोडलेला होता का? ज्यांची माहिती गेली त्यांना कळवलं कधी? मागच्या लेखापरीक्षणात यातलं काही लिहिलेलं होतं का? हे प्रश्न ज्याला विचारायचे तो माणूस तुमच्या कॅमेऱ्यासमोर उभा असतो, तो पळून जाऊ शकत नाही. परदेशी सरकार तुमचा फोन उचलणार नाही, तो उचलेल. तरी तुम्ही फोन कोणाला करता?

देश सांगूच नका असं मी म्हणत नाही. सांगा, पण कोण म्हणतंय, कशाच्या आधारावर आणि किती खात्रीने, हे त्याच वाक्यात येऊ द्या. आमच्या अहवालांत ‘मध्यम खात्री’, ‘कमी खात्री’ असे शब्द असतात. ते आमचा भित्रेपणा झाकायला नसतात, त्यांना ठरलेला अर्थ असतो, आणि भाषांतरात पहिला बळी त्यांचाच जातो. ‘या गटाच्या पद्धतीशी सुसंगत’ याचं मराठी ‘या गटाने केलं’ असं होत नाही. आणि खुलासा करायची वेळ आली तर तो आतल्या पानावर, हवामानाच्या चौकटीखाली लोटू नका. ज्या आकाराच्या अक्षरांत देशाचं नाव होतं, त्याच अक्षरांत घ्या.

तुमच्या डेस्कवरच्या त्या मुलीला माझा नंबर असू द्या. पुढच्या वेळी तिने विचारावं, “सर, दार कुठलं उघडं होतं?” लगेच सांगता आलं नाही तरी कधी सांगता येईल ते सांगेन. मी रात्री अकरापर्यंत फोन उचलतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लॉग वाचून पोट भरणारा एक वाचक